रिकिइशी तोरूचा अंत्यविधी

२४ मार्च १९७० रोजी तोक्यो शहरात, कोदान्शा या प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेच्या सभागृहात, एक अंत्यविधी पार पडला. सभागृहात मुष्टियुद्धाचे रिंगण उभारण्यात आले होते. मृताची तसबीर मांडली होती. बौद्ध भिक्षूने सूत्रांचे पठण केले, एका नामवंत कवीने श्रद्धांजली वाहिली आणि शेवटी घंटेचे दहा टोले देण्यात आले. मुष्टियुद्धात खाली कोसळलेल्या खेळाडूसाठी पंच दहापर्यंत आकडे मोजतो. त्या खेळातील माणूस दिवंगत झाला की त्याची स्मृती म्हणून असे दहा टोले देण्याची प्रथा आहे. या विधीला सुमारे सातशे माणसे उपस्थित होती. त्यांत विद्यार्थी होते, कामगार होते, शाळकरी मुलेही होती.

मृताचे नाव रिकिइशी तोरू. तो कधी जन्मालाच आला नव्हता. एका साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेतील तो एक मुष्टियोद्धा.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत जपानचे नाव निघते ते बहुधा संत गोन्सालो गार्सिया यांच्या निमित्ताने. वसईचा हा सुपुत्र ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाला. त्यांच्या सणाला आपण त्या देशाचे स्मरण करतो आणि मग वर्षभर तो विषय मिटतो. अलीकडे मात्र आपल्याच घरांतील मुले मोबाईलवर जपानी खेळकथा तासन्‌तास पाहत असतात आणि त्यांतील पात्रांविषयी अशा जिव्हाळ्याने बोलतात की आईवडिलांना नवल वाटावे, किंचित काळजीही वाटावी. त्या जिव्हाळ्याचा इतिहास पाहू गेल्यास आपण १९७० सालच्या त्या सभागृहापाशी येऊन पोहोचतो. ज्याला महिन्याकाठी अनेकदा अंत्यविधी चालवावे लागतात, अशा धर्मगुरूला त्या घटनेकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते.

कथेचे नाव ‘आशिता नो जो’, म्हणजे ‘उद्याचा जो’. कोदान्शाच्या ‘शोनेन मॅगझीन’ या मुलांच्या साप्ताहिकात ती १९६८ च्या आरंभी सुरू झाली आणि १९७३ साली संपली. लेखक काजिवारा इक्की. त्याच सुमारास त्याच साप्ताहिकात बेसबॉलवरची त्याची ‘क्योजिन नो होशी’ ही गाजलेली मालिका चालू होती, म्हणून येथे त्याने ताकामोरी आसाओ हे दुसरे नाव घेतले. चित्रकार चिबा तेत्सुया. (जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी लिहिले आहे.) चिबांचा जन्म १९३९ चा. बालपण मांचुरियात गेले. युद्धात जपानचा पराभव झाल्यावर हे कुटुंब तेथे अडकून पडले, तेव्हा एका चिनी स्नेह्याने त्यांना माळ्यावर लपवून ठेवले. धाकट्या भावंडांनी रडू नये म्हणून हा मुलगा त्यांना चित्रे काढून गोष्टी सांगत असे. भुकेल्या माणसाचा चेहरा कसा असतो हे त्याला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

कथेची भूमी तोक्योतील सान्या ही वस्ती. रोजंदारीवर राबणाऱ्या मजुरांची, स्वस्त खोल्यांची, दारूची आणि विस्मृतीत गेलेल्या माणसांची. आपल्या वाचकांना हे नाव दुसऱ्या एका संदर्भात ठाऊक असावयास हवे: संत मदर तेरेसा १९८१ साली जपानला गेल्या तेव्हा त्यांनी सान्यालाही भेट दिली होती आणि त्यांच्या संघाचे बंधू तेथे सेवाकार्य करीत आले आहेत. या वस्तीच्या तोंडाशी ‘नामिदाबाशी’, म्हणजे अश्रूंचा पूल, होता. जवळच पूर्वी वधस्थान होते आणि मृत्युदंड झालेली माणसे या पुलावर आप्तांचा निरोप घेत, असे सांगतात. कथेत या पुलाखाली तांगे दानपेइ नावाचा एक डोळा गमावलेला, दारूत बुडालेला माजी मुष्टियोद्धा आपला मोडका आखाडा थाटतो. आयुष्यात हरलेली माणसे हा पूल ओलांडून वस्तीत येतात. आपण तो उलट दिशेने ओलांडू, हे त्याचे स्वप्न. त्यासाठी त्याला मिळतो याबुकी जो, पंधरा वर्षांचा, उनाड, कोणाचाही नसलेला पोरगा. जो लबाडीच्या गुन्ह्यात पकडला जाऊन सुधारगृहात जातो आणि म्हातारा दानपेइ त्याला पोस्टकार्डावर मुष्टियुद्धाचे धडे पाठवू लागतो. पहिल्या कार्डात डाव्या हाताचा सरळ ठोसा कसा मारावा एवढेच असते. पोरगा कार्ड फेकून देतो, मग रिकाम्या वेळी सहज करून पाहतो आणि हातातला फरक त्याच्या ध्यानात येतो. प्रवचनांनी न होणारे काम त्या कार्डाने केले, हे मी एक प्रवचनकार असूनही मान्य करतो.

सुधारगृहातील आणखी एक प्रसंग आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा. शिराकी योको ही श्रीमंत घराण्यातील तरुणी तेथे मुलांसाठी ‘नोत्र दामचा कुबडा’ या कथेचे नाटक घेऊन येते आणि स्वतः एस्मेराल्दाची भूमिका करते. सारे भारावून जातात. जो एकटा तिला तोंडावर ऐकवितो की हा दयाळूपणा आमच्यासाठी नसून तुझ्या स्वतःच्या समाधानासाठी आहे. प्रसंग रंगवून सांगितलेला नाही आणि लेखक निवाडाही देत नाही. योको दुष्ट नाही, जो शहाणा नाही. पुढे कित्येक वर्षे ती या आरोपाचे ओझे घेऊन वावरते. नाताळात अनाथाश्रमाला भेट देऊन छायाचित्रे काढणाऱ्या आपल्या मंडळांना हे पान वाचून दाखवावे, असे मला अनेकदा वाटले आहे.

याच सुधारगृहात जोची गाठ रिकिइशीशी पडते. तो मुळातला व्यावसायिक मुष्टियोद्धा, सामन्यात हुल्लड करणाऱ्या प्रेक्षकावर हात उचलल्याने येथे आलेला. चित्रकाराने त्याला पहिल्यांदा रेखाटले तेव्हा जोपेक्षा बराच उंच आणि रुंद दाखविला. हे पात्र पुढे जोचा मोठा प्रतिस्पर्धी होणार याची चिबांना त्या वेळी कल्पना नव्हती, हे त्यांनीच नंतर सांगितले आहे. मुष्टियुद्धात तर वजनाचे गट असतात. जो बँटम गटातला, म्हणजे त्रेपन्न-साडेत्रेपन्न किलोंचा. रिकिइशी त्याच्या कितीतरी वरचा. दोघे अधिकृत रिंगणात समोरासमोर यावेत कसे? एखाद्या सामान्य लेखकाने ही विसंगती झाकून टाकली असती. काजिवाराने तिलाच कथेचे हृदय केले. रिकिइशी खाली उतरेल. जोला दिलेल्या शब्दासाठी तो आपले शरीर त्या गटापर्यंत झिजवील.

त्या काळच्या जपानी वाचकाला वजन उतरविण्याचे हाल म्हणजे काय हे ठाऊक होते. फायटिंग हारादा हा त्यांचा खराखुरा वीर १९६२ साली फ्लायवेट आणि १९६५ साली बँटमवेट गटाचा जगज्जेता झाला होता आणि वजनाशी त्याने मांडलेला उभा दावा सर्वश्रुत होता. तरीही रिकिइशीच्या उपासाची पाने वाचकांच्या मनात वेगळ्याच रीतीने रुतली. तहानेने वेडापिसा झालेला तो आखाड्यातील नळांकडे धावतो, तर सारे नळ तारेने बांधून टाकलेले. योकोला ते पाहवत नाही. ती त्याला पेलाभर कोमट पाणी देते आणि हा हट्ट सोड म्हणून विनविते. तो तिचे मनापासून आभार मानतो आणि पाणी जमिनीवर ओततो. याच सुमारास जोचा सोबती निशी हाही वजन उतरवीत असतो. धिप्पाड, भोळा, साधा माणूस. एके रात्री तो गुपचूप बाहेर जाऊन गरम शेवयांचा वाडगा फस्त करताना जोच्या हाती सापडतो. तो रडतो, मार खातो आणि पुढे हळूहळू मुष्टियुद्ध सोडून वाण्याच्या दुकानात स्थिरावतो, त्या दुकानदाराच्या मुलीशी, नोरिकोशी, लग्नही करतो. लेखकाने निशीचा कोठेही उपहास केलेला नाही. मला तर हे पात्र रिकिइशीइतकेच मोलाचे वाटते. आपल्यापैकी बहुतेक सारे निशीच असतो आणि जगाची दुकाने, घरे, पाळणे त्याच्यासारख्यांमुळेच चालतात.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावपटूची आणि मुष्टियोद्ध्याची उपमा घेतली आहे. हवेत ठोसे मारणारा आपण नव्हे, आपण शरीराला काबूत ठेवतो, असे तो सांगतो; आणि खेळाडू हे सारे नाशवंत मुकुटासाठी करतात, याकडेही लक्ष वेधतो. रिकिइशीच्या उपासाला हा दुसरा निकष लावला की अडचण येते. ज्यासाठी तो झिजला ते नाशवंतच होते. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर मानणाऱ्या आपल्या श्रद्धेला त्याचा शेवट आदर्श म्हणून मान्य करता येणार नाही. पण कथाही त्याला आदर्श म्हणून पुढे करीत नाही. योको विनविते, त्याची काळजी वाहणारे घाबरतात आणि चिबांची रेषा त्याच्या गालांची हाडे दर आठवड्याला थोडी अधिक उघडी पाडते. वाचकाला पुढचे दिसत असते आणि त्याला कोणी थांबवू शकत नाही.

सामन्यात आठव्या फेरीत रिकिइशी खालून वर मारलेल्या ठोशाने जोला लोळवितो. तो जिंकतो. शुद्धीवर आलेला जो हात मिळवायला पुढे होतो, रिकिइशीही हसून हात पुढे करतो आणि हात हाताला लागण्याआधीच कोसळतो. सामन्यात कानशिलावर बसलेला जोचा ठोसा, पडताना डोक्याला लागलेला मार आणि उपासाने पोखरलेले शरीर, यांतून मृत्यू. १९७० च्या आरंभी हे भाग प्रसिद्ध झाले. साप्ताहिकाचा खप त्या वेळी दहा लाखांच्या वर होता आणि ते केवळ मुलेच वाचीत होती असे नाही. विद्यापीठांतील चळवळीचा तो काळ. विद्यार्थ्यांच्या एका हातात वैचारिक नियतकालिक आणि दुसऱ्या हातात हे मुलांचे साप्ताहिक असते, असे तेव्हा थट्टेने म्हटले जाई.

अंत्यविधीची कल्पना तेरायामा शुजी या कवी-नाटककाराची. जन्म १९३५, उत्तरेकडील आओमोरी प्रांतातला. वडील युद्धात गेलेले. मुष्टियुद्धाचा मोठा शौकीन आणि ‘तेन्जो साजिकी’ या बंडखोर नाटकमंडळीचा संस्थापक. कथेवर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका १ एप्रिल १९७० पासून सुरू व्हायची होती आणि तिचे शीर्षकगीत याच तेरायामाने लिहिले होते. सभागृह प्रकाशकाचे, गीत श्रद्धांजली वाहणाऱ्या कवीचे आणि मालिका आठ दिवसांवर आलेली! तेव्हा ही जाहिरातबाजी होती काय? काही अंशी निश्चितच होती. पण जाहिरातीने माणसे जमविता येतात, शोक उत्पन्न करता येत नाही. तो आधीच तेथे होता आणि त्याला कोठेतरी जागा हवी होती.

आता धर्मगुरू म्हणून थोडे बोलतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यात अंत्यविधी कोणाला द्यावा याविषयी पुरेसा उदारपणा आहे. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना तो मिळतो, आईवडिलांनी बाप्तिस्म्याचा मानस धरला असता दगावलेल्या बालकालाही स्थानिक बिशपांच्या परवानगीने मिळतो. मात्र जो जन्मलाच नाही, त्याच्याविषयी कायदा मौन पाळून आहे आणि ते योग्यच आहे. आपला विधी मृताच्या आत्म्यासाठी याचना करतो. आत्माच नसेल तर उरते ते नाटक. त्या भिक्षूच्या मनात त्या दिवशी काय आले असेल, याचे मला कुतूहल वाटते.

संत अगस्तीनने आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या पहिल्याच खंडात एक गोष्ट नोंदविली आहे. शाळकरी वयात तो व्हर्जिलच्या काव्यातील दिदो राणीच्या मृत्यूवर रडला. आणि त्याच वेळी देवापासून दुरावून मरत चाललेल्या स्वतःसाठी मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही. याचा त्याला पुढे खेद झाला. सेमिनरीत हा उतारा आम्हांला काल्पनिक साहित्याविषयीचा इशारा म्हणून शिकविला गेला. इशारा खराच आहे. तरी मला नेहमी वाटत आले आहे की दिदोसाठी रडू शकलेले मनच पुढे आई मोनिकाच्या मृत्यूवर त्याच ग्रंथातील ती अविस्मरणीय पाने लिहू शकले. जो पोरगा दिदोसाठीही रडत नाही, त्याची मला अधिक चिंता वाटते.

या अंत्यविधीनंतर बरोबर सात दिवसांनी, ३१ मार्च १९७० रोजी, तोक्योहून फुकुओकाला निघालेले जपान एअरलाइन्सचे ‘योदो’ नावाचे विमान लाल सेना गटाच्या नऊ तरुणांनी पळविले. विमानात १२२ प्रवासी होते. निघण्यापूर्वी लिहून ठेवलेल्या घोषणापत्राचा शेवट त्यांनी ‘आपणच उद्याचे जो आहोत’ अशा अर्थाच्या वाक्याने केला होता. एकाच कथेचे हे वाचक. सात दिवस आधी सातशे जण एका माणसासाठी हळहळले, जो ते स्वतः नव्हते आणि ज्याच्यासारखे होण्याची त्यांतल्या फारशा कोणाची इच्छाही नसावी. या नऊ जणांनी मात्र पात्राकडे पाहिलेच नाही. त्यांनी त्याचे नाव उचलले आणि अंगावर चढविले. जो कधी कोणा निःशस्त्राला ओलीस धरत नाही. तो ठरलेल्या नियमांत, आपल्याच वजनाच्या माणसापुढे, उघड्या अंगाने उभा राहतो. एवढी साधी गोष्ट चाहत्याच्या लक्षात येऊ नये?

त्याच विमानात डॉ. हिनोहारा शिगेआकी होते. तोक्योच्या सेंट ल्यूक इस्पितळातील नामांकित वैद्य, प्रॉटेस्टंट पाळकाचे चिरंजीव. प्रवासी बांधून बसविलेले असताना अपहरणकर्त्यांनी, कोणाला काही वाचावयाचे असल्यास आपल्याजवळ पुस्तके आहेत, असे जाहीर केले. बहुतेक राजकीय ग्रंथ. पण यादीत दोस्तोयेव्हस्कीची ‘कारामाझोव्ह बंधू’ ही कादंबरीही होती. हिनोहारांनी हात वर करून ती मागून घेतली. तिच्या आरंभी योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील गव्हाच्या दाण्याचे वचन छापलेले आहे. तो दाणा जमिनीत पडून मेल्याखेरीज पीक देत नाही, हे त्यांनी त्या आसनावर बसून वाचले. ३ एप्रिलला दक्षिण कोरियातील किम्पो विमानतळावर प्रवाशांची सुटका झाली. येथून पुढचे आयुष्य आपल्याला बहाल झालेले आहे, असे डॉक्टर नंतर सांगत. ते २०१७ साली, वयाच्या १०५ व्या वर्षी निवर्तले.

कथा मात्र १९७० मध्ये संपली नाही आणि तिच्या लेखकाचे खरे सामर्थ्य मला यापुढील भागात दिसते. प्रतिस्पर्धी मेला, नायक पुढच्या सामन्याला लागला, अशीच बहुतेक खेळकथांची चाल असते. येथे तसे होत नाही. रिकिइशीच्या मृत्यूनंतर जो कोणाच्या चेहऱ्यावर ठोसाच मारू शकत नाही. मारला तर रिंगणातच त्याला ओकारी येते. एका मुष्टियोद्ध्याचे सारे सामर्थ्य एका आठवणीने काढून घेतले. तो भटकतो, गावोगावच्या हलक्या सामन्यांत हिंडतो आणि कार्लोस रिवेरा या परदेशी खेळाडूशी गाठ पडल्यावरच पुन्हा उभा राहतो. वाचकांनी सभागृहात एका दुपारी जो शोक केला, तो नायकाकडून लेखकाने कित्येक महिने करवून घेतला. विमान पळविणाऱ्यांना ही पाने वाचावयास मिळाली नव्हती; ती त्यांच्या मागून छापली गेली.

शेवटाचीही हकीकत सांगण्याजोगी आहे. जगज्जेता होजे मेंदोसाशी जो पंधरा फेऱ्या लढतो आणि गुणांवर हरतो. काजिवाराने लिहून दिलेला शेवट निराळा होता: सामना हरलास पण लढाई जिंकलास, असे दानपेइ म्हणतो आणि मग योकोच्या घरी उन्हात शांत बसलेला जो दिसतो. चिबांना तो पटला नाही. जुनी पाने चाळताना नोरिको आणि जो यांच्यातील एका संभाषणाकडे संपादकाने त्यांचे लक्ष वेधले. तेथे जो तिला सांगतो की आपल्याला अर्धवट धुमसायचे नाही, पांढरी राख उरेपर्यंत जळायचे आहे. चित्रकाराने तोच धागा धरला. अखेरच्या पानावर जो आपल्या कोपऱ्यातील स्टुलावर मान खाली घालून बसला आहे, ओठांवर हसू, आणि सारे चित्र जवळजवळ पांढरे. तो जिवंत आहे की गेला, यावर पन्नास वर्षे वाद चालू आहे. पात्राने स्वतःच्या तोंडाने पूर्वी जे सांगितले होते, त्याच्याशी प्रामाणिक राहून लेखकाच्याही विरुद्ध निर्णय घेणे, ही पात्ररचनेतील फार मोठी निष्ठा आहे. आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी जीव लावला, त्याचेही रहस्य हेच असावे: फुरसुंगीचा बन्या कधी बन्याखेरीज दुसऱ्या कोणासारखा वागला नाही.

तेरायामा १९८३ साली गेला, काजिवारा १९८७ साली, अवघ्या पन्नाशीत. त्याची बेसबॉलची कथा एका वेगळ्या वेषात आपल्यापर्यंतही आली. २३ डिसेंबर २०१२ पासून ‘कलर्स’ वाहिनीवर ‘सूरज: द रायझिंग स्टार’ ही मालिका दाखविली गेली, तिच्यात बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणि तोक्योच्या जागी मुंबई होती. चिबांना २०२४ साली जपान सरकारने ‘संस्कृती सन्मान’ दिला; चित्रकथाकाराला तो प्रथमच मिळाला. त्या वेळी ते पंचाऐंशी वर्षांचे होते.

सान्यातील बाजारपेठेच्या रस्त्यावर २०१२ साली जोचा पुतळा उभारण्यात आला. वस्तीतील मजूर आता म्हातारे झाले आहेत. नामिदाबाशी येथे आज पूल नाही, खालचा ओढाही केव्हाच बुजविला गेला. चौकाला आणि बसथांब्याला मात्र अजून तेच नाव आहे.